खेकडे परत सोडणाऱ्यांचं गाव

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, हॅम्पशरमध्ये, लिमिंग्टन नावाचं गाव आहे. समोर सॉलेंट ही अरुंद सामुद्रधुनी, तिच्या पलीकडे आइल ऑफ वाइट हे बेट, पाठीशी न्यू फॉरेस्टचं रान. गावापासून कीहेवन नावाच्या चिमुकल्या बंदरापर्यंत समुद्राला आडवी घातलेली एक लांबलचक भिंत आहे. भिंतीच्या बाहेर चिखल आणि खारं गवत, आत खाऱ्या पाण्याची उथळ तळी. हे झालं इथलं संरक्षित निसर्गक्षेत्र. माणसं या भिंतीवर चढतात, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जातात आणि चालतच परत येतात. वाटेत देऊळ नाही, सनसेट पॉइंट नाही, भजीची गाडी नाही. वारा मात्र हवा तेवढा. तरी चांगल्या हवेच्या रविवारी उशिरा पोचलात तर गाडी लावायला जागा मिळेल तर शपथ.

सहकुटुंब फेरफटक्यांच्या माहितीपत्रकांत ही वाट हमखास असते. सपाट, सोपी, बाबागाडी ढकलता येईल अशी, कुत्र्याला दोरीने धरून नेता येईल अशी. पत्रकातलं कुटुंबही ठरलेलं असतं: आई, बाप, दोन मुलं आणि एक लॅब्राडोर. कुत्रा सोडून सगळ्यांच्या पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. साउदॅम्पटन, बेसिंगस्टोक, रेडिंग या बाजूला नोकरीनिमित्त राहणारी मराठी कुटुंबं हे पत्रक वाचून निघतात तेव्हा हिशोब थोडा चुकतो. कुत्रा नसतो, पण उन्हाळ्याच्या व्हिसावर आलेले आजी-आजोबा असतात, आणि त्यांच्यासोबत तीन पिशव्या. एकीत तिखटामिठाच्या पुऱ्या, दुसरीत थर्मास आणि पेपरकप, तिसरीत काय आहे ते आजीखेरीज कुणालाच ठाऊक नसतं.

समजा, अशा एका घरातले आजोबा उरणचे निवृत्त इतिहासशिक्षक आहेत आणि आजीचं माहेर वेंगुर्ल्याकडचं आहे. निघण्याआधी मुलाशी संवाद होतो तो असा.

"तिथे आहे काय?"

"भिंत आहे, बाबा. भिंतीवरून चालायचं."

"चालून कुठे जायचं?"

"परत यायचं."

आजोबा यावर काही बोलत नाहीत. चाळीस वर्षं दहावीचे पेपर तपासलेला माणूस अशा उत्तराला किती गुण द्यायचे ते मनातल्या मनात देतो.

आगगाडीने गेलं तर ब्रॉकनहर्स्टला गाडी बदलावी लागते, आणि तिथेच पहिलं आश्चर्य भेटतं. न्यू फॉरेस्टमध्ये घोडे, गाढवं आणि गाई मोकळ्या चरतात. स्थानिक रहिवाशांना जुन्या हक्काने गुरं सोडायची मुभा आहे, त्यामुळे जनावरं रानातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून गावात येतात. मोटारी थांबतात, गाय सावकाश रस्ता ओलांडते, पर्यटक फोटो काढतात. नातवंडं हरखून जातात. आजोबा रस्त्याच्या मधोमध उभ्या गाईकडे बघतात, मग मुलाकडे बघतात, आणि विमानाच्या तिकिटाचा विषय मोठ्या मनाने काढत नाहीत.

भिंतीवर आल्यावर मात्र आजोबांचा सूर बदलतो. तळी चौकोनी आहेत. बांध सरळ आहेत. मधूनच जुनी चरी दिसते, एखादा मोडका धक्का दिसतो. उरणच्या माणसाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. "अरे, हे तर मिठागर!"

मिठागरच होतं. मध्ययुगापासून लिमिंग्टनचा हा सगळा किनारा मीठ पिकवत होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस सीलिया फाइन्स नावाची बाई घोड्यावरून इंग्लंडभर हिंडली, तिनेही इथल्या मिठाच्या धंद्याची नोंद करून ठेवली आहे. पद्धत अशी: भरतीचं पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचं, ऊन-वाऱ्याने ते दाट होऊ द्यायचं, मग पवनचक्कीच्या पंपाने उचलून भट्टीवरच्या कढयांत उकळायचं. उकळायला कोळसा, आणि तो समुद्रमार्गे उत्तरेकडून आणायचा. आजोबांना ही पद्धत ऐकून मनापासून कणव येते. उरणला आणि पेणला आगरात पाणी घेतलं की पुढचं सगळं सूर्य बघतो. इथला सूर्य अर्धं काम करून रजेवर जायचा आणि उरलेलं कोळशाच्या गळ्यात पडायचं. शिवाय हंगाम उन्हाळ्यातल्या मोजक्या आठवड्यांचा. चेशरच्या खाणींतलं स्वस्त मीठ बाजारात आलं तेव्हा या धंद्याचा निभाव लागला नाही. १८६५ साली इथलं शेवटचं मिठागर बंद झालं.

मिठावर कर होताच, आणि जबर होता. वुडसाइडजवळच्या ‘चेकर्स’ या जुन्या पबचं नावसुद्धा सरकारी खजिन्याच्या मीठवसुलीवरून पडलं असं गावात सांगतात. पण ब्रिटिश सरकारने आपल्या देशातला मीठकर १८२५ साली रद्द करून टाकला. हिंदुस्थानातला मात्र १९४७ पर्यंत चालू ठेवला. ही दोन सालं शेजारी शेजारी ठेवली की आजोबांच्या चालण्याला वेग येतो. आजीला सालांची गरज लागत नाही. शिरोड्याचा १९३० चा मीठ सत्याग्रह तिच्या माहेरच्या पंचक्रोशीत झालेला, लहानपणापासून ऐकलेला. ती थर्मासचं झाकण जरा जास्तच जोरात फिरवते.

मिठागरं बंद पडली, खळगी उरली. भिंतीतून झिरपणारं आणि झडपांतून येणारं समुद्राचं पाणी त्यांत साठत राहिलं, त्यात पावसाचं मिसळलं. भरती-ओहोटीचा धिंगाणा नाही, पण खारटपणा आहे, असं पाणी निसर्गात सहसा मिळत नाही. म्हणून इथे असे जीव राहतात, जे बाहेरच्या समुद्रातही नाहीत आणि गोड्या पाण्यातही नाहीत. थोडक्यात, ज्याला आज निसर्ग म्हणून कुंपण घातलं आहे तो मुळात एक बसलेला धंदा आहे. या गावाचं एक वैशिष्ट्य त्यातून हळूहळू ध्यानात येतं: इथे बघण्यासारखं जे जे आहे ते कुणीतरी करायचं थांबवलेलं काम आहे.

तळ्यांतला सर्वांत मानाचा रहिवासी कुणालाच दिसत नाही. ‘स्टारलेट’ नावाचं हे समुद्रफूल, लांबी जेमतेम सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर, जवळजवळ पारदर्शक, आणि सगळं अंग चिखलात पुरून फक्त तंतू वर काढून बसणारं. शास्त्रीय नाव नेमॅटोस्टेला व्हेक्टेन्सिस. व्हेक्टिस हे समोरच्या आइल ऑफ वाइटचं रोमन नाव. १९३५ साली शास्त्रज्ञांनी त्याची रीतसर ओळख करून दिली, १९८१ च्या वन्यजीव कायद्यान्वये त्याला संरक्षण आहे आणि २००७ साली त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. त्यात असं निघालं की जनुकांच्या मांडणीच्या बाबतीत हा जीव माशी किंवा जंतापेक्षा माणसाच्या जास्त जवळ आहे.

नातू हे मोबाइलवरून मोठ्याने वाचून दाखवतो. आजी विचारते, "कुणाच्या बाजूने?"

मुलं बांधावर पालथी पडून पाण्यात बघत राहतात. जाळी टाकायची नाही, उकरायचं नाही. आपण ज्याच्यासाठी आलो तो आत आहे, हे गृहीत धरून पुढे सरकायचं. दर्शनाच्या रांगेतून गाभारा बंद असताना परत आलेल्या माणसांना हे मुलांपेक्षा सोपं जातं.

पक्ष्यांचं मात्र असं नाही. ते दिसतात, आणि दिसतात तेव्हा त्यांना बघणारी माणसंही दिसतात. तिपाईवर दुर्बीण, अंगात चिखलाच्या रंगाचं जाकीट, चेहऱ्यावर आपल्याला कुणी काही विचारू नये असा भाव. मराठी कुटुंब नेमकं त्यांनाच विचारतं. विचारल्यावर ती माणसं विलक्षण गोड निघतात आणि दुर्बीण मुलांच्या उंचीला खाली करून देतात. मग चोच वर वळलेला अ‍ॅव्होसेट दिसतो, नारिंगी चोचीचा ऑइस्टरकॅचर दिसतो, डोक्यावर तुरा असलेली इथली टिटवी दिसते.

आणि बगळा दिसतो. पांढरा, काळ्या चोचीचा, पिवळ्या पंजांचा छोटा बगळा. आजोबा त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत, कारण उरणच्या शेतात तो नांगरामागून चालतो. त्याला इथे कौतुक का, हे त्यांना उमजत नाही. कौतुक यासाठी की काही दशकांपूर्वी इथे बगळा दिसला तर लोक लांबून गाड्या घेऊन बघायला यायचे. ब्रिटनमध्ये या बगळ्याने पहिलं घरटं केलं १९९६ साली, इथून पश्चिमेला डॉर्सेटमधल्या ब्राउनसी बेटावर. आता तो सर्रास दिसतो. म्हणजे हा बगळा या देशात स्थायिक झाला आणि मुलगा संगणकाच्या नोकरीला आला, त्यांत फार वर्षांचं अंतर नाही, हे सुनेने दाखवून दिल्यावर आजोबा थांबून त्याचा एक फोटो काढतात.

खरा मोठा मेळा हिवाळ्यात भरतो. सैबेरियाच्या तैमिर भागात वीण उरकून काळ्या पोटाचे ब्रेंट हंस ऑक्टोबरच्या सुमाराला सॉलेंटवर उतरतात आणि मार्चच्या आसपास परत जातात. त्यांच्या सोबतीला बदकांचे आणि चिखलपक्ष्यांचे थवे. हे वाचून आजोबा हळहळतात, कारण त्यांचं स्वतःचं स्थलांतर नेमकं उलट्या वेळापत्रकाचं आहे. ते एप्रिलमध्ये येतात आणि हंस उतरायच्या सुमाराला दिवाळीसाठी उरण गाठतात. हंस आणि आजोबा यांची या भिंतीवर आजवर गाठ पडलेली नाही, आणि थंडीबद्दलची आजोबांची मतं ऐकता ती पडण्याचं चिन्हही नाही.

या हिवाळी पाहुण्यांचं पूर्वी वेगळंच स्वागत होत असे. कीहेवनला कर्नल पीटर हॉकर याचं घर होतं. १७८६ ते १८५३ हा त्याचा काळ. गडी शिकारीचा वेडा. सपाट होडीवर तोफेएवढी लांब बंदूक बसवायची, पोटावर पालथं पडून बदकांच्या थव्यापर्यंत सरकत जायचं आणि एका बारात डझनांनी पक्षी लोळवायचे. तरुण शिकाऱ्यांसाठी त्याने लिहिलेलं पुस्तक खूप खपलं. शिवाय रोजनिशी ठेवली, आणि कुठल्या दिवशी कुठले किती पक्षी पडले याचा जमाखर्च तिच्यात काटेकोर मांडला. आज त्याच चिखलापुढे उभी असलेली माणसंही वहीत तारीख, जात आणि आकडा लिहितात. बंदूक गेली, वही तशीच राहिली. हॉकर १८०९ मध्ये स्पेनमधल्या तालाव्हेराच्या लढाईत जखमी झाला होता. सेनापती होता आर्थर वेलस्ली, सहा वर्षांपूर्वी असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला. हे कळल्यावर आजोबा कीहेवनच्या दिशेने अशा नजरेने बघतात की जणू एक जुना हिशोब अजून पुरा व्हायचा आहे.

वाटेत ‘एन्शंट हायवे’ अशी पाटी लागते. नाव ऐकून नातवंडांना सहा पदरी काहीतरी दिसेल अशी आशा वाटते. प्रत्यक्षात ती खडीची पायवाट निघते. टोलनाका नाही एवढीच जमेची बाजू.

जेवण भिंतीवरच होतं, कारण दुसरीकडे कुठे होणार? झाड नाही, आडोसा नाही, टपरी नाही. पुऱ्या ठीक, पण चिवडा हा वाऱ्यावर खायचा पदार्थ नाही, हे सॉलेंटच्या वाऱ्याने सिद्ध केलेलं आहे. बशीतले पोहे आइल ऑफ वाइटच्या दिशेने निघतात, शेंगदाणे तेवढे जागेवर राहतात. शेजारून जाणारं जोडपं हसून "लव्हली डे" म्हणतं. आकाश तवा घासल्यानंतरच्या पाण्याच्या रंगाचं असतं. आजीला आता एवढं इंग्रजी पुरतं जमलं आहे. तीही "येस, येस, लव्हली" म्हणते आणि त्यांच्या हातावर शेव ठेवते.

कीहेवनच्या पुढे समुद्रात शिरलेली गोट्यांची लांब जीभ आहे, तिच्या टोकावर हर्स्ट कॅसल. आठव्या हेन्रीने १५४१ ते १५४४ च्या दरम्यान बांधलेला हा किल्ला. गोट्यांवरून चालत जाण्याचं काम गुडघ्यांची परीक्षा घेणारं आहे. दोन पावलं पुढे टाकावीत तर गोटे एक पाऊल परत घेतात. हंगामात कीहेवनहून होडी सुटते, आणि आजोबांच्या गुडघ्यांना सोडून इतर सर्वांना चालत जायची हौस असल्याने शेवटी सगळे होडीनेच जातात.

आजोबा किल्ल्याकडे बघून आधी जंजिऱ्याशी तुलना करतात, मग सिंधुदुर्गाशी, आणि दोन्हींत हर्स्टला नापास करतात. मात्र आतली पाटी वाचल्यावर थबकतात. डिसेंबर १६४८ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाला इथे कैदेत ठेवलं होतं. त्याच्या सेवकाने आठवणी लिहून ठेवल्या आहेत, त्यांत राजा याच गोट्यांच्या दांड्यावर फेऱ्या मारायचा आणि जाणारी-येणारी जहाजं बघायचा असं आहे. म्हणजे इथल्या विनाकारण फेरफटक्याची राजमान्य परंपरा बरीच जुनी आहे. फक्त पहिल्या फिरणाऱ्यामागे पहारेकरी होते. जानेवारी १६४९ च्या अखेरीला लंडनमध्ये त्याचा शिरच्छेद झाला.

"सोळाशे अठ्ठेचाळीस," आजोबा नातवाला विचारतात, "त्या साली आपल्याकडे कोण कैदेत होतं?"

नातू साउदॅम्पटनच्या शाळेत शिकतो. तो सावधपणे म्हणतो, "एनीवन वी नो?"

"शहाजीराजे! आदिलशहाने पकडले होते. आणि पुढच्या वर्षी सुटले." शेवटचं वाक्य ते जरा मोठ्याने म्हणतात. तिथल्या इतर प्रेक्षकांना मराठी येत नाही, तरी दोघं-तिघं आदराने मान डोलावतात.

किल्ल्याच्या पूर्वेकडच्या बाजूचा भिंतीचा मोठा भाग फेब्रुवारी २०२१ मध्ये समुद्राने पाया पोखरल्यामुळे कोसळला. एकोणिसाव्या शतकात बसवलेल्या ३८-३८ टनांच्या दोन तोफा मात्र जागच्या जागी आहेत, आणि मुलांना किल्ल्यात तेवढंच आवडतं.

परतल्यावर उरतं ते गाव. शनिवार असेल तर हाय स्ट्रीटवर बाजार भरलेला असतो. तेराव्या शतकापासून हा बाजाराचा गाव आहे. बाजारात आजी एकच गोष्ट करते, कोथिंबिरीचा भाव विचारते आणि रुपयांत करून बघते. मग कोणी काही बोलत नाही. तिथून धक्क्याकडे उतरणारी ‘की हिल’ ही अरुंद गल्ली चित्रासारखी आहे, पण तिच्यात गोल दगड बसवलेले आहेत आणि ‘बाबागाडी ढकलता येईल’ हे वचन तिथे संपतं. बाप बाबागाडी उचलतो, आई बाळ उचलते, आजोबा पिशव्या उचलतात आणि कुटुंबाची पालखी खाली उतरते.

गावात १८३३ साली बांधलेला समुद्राच्या पाण्याचा उघडा पोहण्याचा तलाव आहे. उन्हाळ्यात त्यात हवा भरलेले रबरी डोंगर तरंगत असतात आणि मुलं त्यांवरून घसरून पाण्यात पडण्याचे पैसे देतात. आणखी एक नवल मिठागरांच्या पट्ट्यातच आहे: ‘एट एकर पाँड’ या तळ्यावरचा साल्टर्न्स सेलिंग क्लब. शिडाच्या होड्यांचा हा क्लब मुलांसाठीच आहे आणि कारभारही मुलंच बघतात. मराठी मंडळाच्या दोन कार्यकारिणींत बसून आलेले आजोबा हे ऐकून फक्त एवढंच विचारतात, की वर्गणीवरून अजून दोन क्लब झाले नाहीत का.

पण नातवंडांसाठी लिमिंग्टन म्हणजे धक्का, आणि धक्का म्हणजे खेकडे. बादली, दोरी, दोरीला बांधलेली जाळीची पिशवी, पिशवीत डुकराच्या मांसाची चकती. धक्क्याच्या कडेला पोटावर पडून दोरी सोडायची, खेकड्याने धरली की हळूच वर ओढायची. गळ लावायचा नाही. बादलीत समुद्राचंच पाणी हवं, एका बादलीत दहाहून जास्त खेकडे नकोत, पाणी अधूनमधून बदलायचं, मोठा नर भांडायला लागला तर त्याला वेगळं करायचं, अशी सगळी शिस्त पाट्यांवरून आणि पत्रकांतून शिकवली जाते. आणि शेवटी मोजून झाल्यावर सगळे खेकडे पाण्यात परत सोडायचे.

आजीला हे शेवटचं वाक्य तीनदा सांगावं लागतं. ऐकू येत नाही म्हणून नव्हे.

"खावचे नाय, तर धरतत कित्याक?"

याला सुनेकडे उत्तर नसतं. मुलगा म्हणतो, आई, हा खेळ आहे. आजी बादलीत डोकावते. हिरवट पाठीचे किनारी खेकडे, तळहाताहून लहान. मांस फार नाही, पण सार उत्तम होईल, असा तिचा निर्वाळा. मग ती हिशोब मांडते: बादली, दोरी, जाळी आणि ते मांस, सगळं विकत. आमिष शिकारीपेक्षा महाग, आणि शिकार फुकट परत. बरं, सोडलेला खेकडा धक्क्याखालीच असतो, मांसाला चटावलेला असतो, तोच पुन्हा दोरीला येतो. एकाच खेकड्याला एका दुपारी दोन-तीन वेळा जेवू घालणारा गाव तिने याआधी पाहिलेला नसतो.

आजोबा मोबाइलवर शोधून आणखी तेल ओततात. हीच जात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आगंतुक म्हणून पोचली, तिथल्या शिंपल्यांचा फडशा पाडू लागली, आणि आता तिथली मंडळी लोकांना ती खाण्याचा आग्रह करतात. "बघा," आजी म्हणते, "शहाणी माणसं आहेत कुठेतरी."

शेवटी नातू बादली उतारावर नेऊन हळूच कलती करतो. खेकडे तिरके धावत पाण्याकडे निघतात, आजूबाजूची पाच-सहा इंग्रज मुलं टाळ्या वाजवतात, कुणीतरी शर्यतीचा विजेता जाहीर करतं. आजी गुडघ्यावर हात टेकून वाकते आणि नातवाच्या कानाशी म्हणते, "ती मोठी खंयच्या दगडाखाली जाता, ता बघून ठेव."